मगरीला संदर्भ नाही

बसा रे नीट. मध्येमध्ये शंका विचारायच्या नाहीत. या गोष्टीत शंका विचारायचा मान एकाच पक्ष्याचा आहे.

एका जंगलात उंबरावर एक धनेश राहायचा. चोच एवढी मोठी, की तोंड उघडायच्या आधीच समोरच्याला पटायचं. तो जनावरांच्या मनाचा डॉक्टर होता. नुसता डॉक्टर नव्हे हं, संशोधक. ज्याचं नाव दुसऱ्यांच्या निबंधांत जास्त वेळा येईल तो थोर, असा तिथे नियम होता. धनेशसरांचं नाव सगळ्यांच्या निबंधांत असायचं. ज्यांनी सरांचं काहीच वाचलं नव्हतं, त्यांच्या निबंधांत तर दोनदोनदा.

सरांना एक खोड होती. कोणी काही म्हटलं की विचारायचे, "संदर्भ काय?" बायको म्हणाली, "अहो, घरातली उंबरं संपली," तरी तेच.

त्याच जंगलात एक हरिणी होती. ती तळ्यावर जायलाच तयार नव्हती. हत्तीणकाकू रोज सोंडेतून पाणी आणायच्या, त्यावर ती जगत होती. एक दिवस काकू म्हणाल्या, "अगं, एकदा सरांना दाखव ना."

गेली बापडी.

"पाण्याजवळ गेलं की छाती धडधडते? हो की नाही, एवढंच सांगा."

"हो. पण सर, तिथे..."

"झोप लागते?"

"नाही. सर, त्या तळ्यात..."

"बाई, तळ्यात काय आहे हा प्रश्न माझ्याकडे नाही."

रोगाचं नाव ठरलं, अकारण जलभय. उपाय असा, की रोज सकाळी उठून 'तळं सुरक्षित आहे' असं म्हणायचं. हरिणीने आठवडाभर म्हटलं. सरांनी निबंध लिहिला, 'नमुना पूर्ण बरा झाला.' नमुना म्हणजे हरिणी. ती पाणी पिते का, हे बघायला सर काही तळ्यावर गेले नाहीत. धनेशाचं काय, उंबरातूनच त्याची तहान भागते.

निबंध तुफान गाजला. हत्तीणकाकूंनी पाणी आणणं बंद केलं. "आता कशाला गं? तू बरी झालीस, छापून आलंय." हरिणी पानांवरचं दव चाटू लागली. उन्हाळ्यात दव ते किती पडणार? तिच्या बरगड्या दिसायला लागल्या.

बाकीची जनावरं म्हणाली, म्हणजे आपलीही भीती अकारणच की. ती घोळक्याने तळ्यावर जाऊ लागली. काही परत यायची. परत आलेल्यांना सर विचारायचे, "आता कसं वाटतं?" ती म्हणायची, "छान." न आलेल्यांनी उत्तरच दिलं नाही, म्हणून सरांनी त्यांना मोजलं नाही. आहे की नाही काटेकोर काम?

मग तळ्याकाठी सरांचा सत्कार ठरला. अध्यक्षस्थानी मगरबाई. अलीकडे त्या चांगल्याच भरल्या होत्या.

"पूर्वी मला दिवसदिवस वाट बघावी लागायची," बाई म्हणाल्या. "सरांच्या लेखनाचा खरा प्रभाव कोणावर पडला असेल, तर तो माझ्यावर." त्यांचे डोळे भरून आले.

सरांनी मान लववली आणि म्हणाले, "आता बरी झालेली हरिणी सर्वांसमक्ष पाणी पिऊन दाखवेल."

हरिणीच्या घशाला कोरड पडली होती. पाणी समोर होतं. ती काठापर्यंत आली आणि थांबली.

"सर," ती म्हणाली, "या बाई खातात."

सरांनी चोच वर केली.

"संदर्भ काय?"

"माझं पाडस," हरिणी म्हणाली.

सर विचारात पडले. खोटं कशाला सांगू, खरोखरच पडले. मग म्हणाले, "ते अप्रकाशित आहे."

पहिली टाळी मगरबाईंनी वाजवली. मागोमाग सगळ्यांनी.

हत्तीणकाकूंनी मात्र वाजवली नाही. त्यांनी तळ्यात सोंड घातली, भरून घेतली आणि हरिणीपुढे धरली. "पी गं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं." हरिणी घटाघटा प्यायली.

सरांनी लगेच टिपून घेतलं, 'नमुना सर्वांसमक्ष पाणी प्यायला.'

तात्पर्य: भीती वाटली, तर आधी ती कुठे छापून आली आहे का ते पाहावं. नसेल, तर खुशाल पाण्यात उतरावं. परत आलात तर तुम्ही पुरावा. नाही आलात, तर तुम्हाला मोजतंय कोण?