नेत्याने लिंबू पिळू नये

मंडळी, नेतृत्व माणसाच्या रक्तातच असावं लागतं. माझ्या आहे! पंख्यांच्या कारखान्यात मी गेली कित्येक वर्षं उपव्यवस्थापक आहे. त्यातला तो 'उप' एवढाच काय तो डाग. पण आमचे व्यवस्थापक निवृत्त होणार होते. त्यांची ती उंच पाठीची, गोल फिरणारी खुर्ची रिकामी होणार होती आणि तिच्यावर बसायला लायक अशी दोनच माणसं होती. एक मी. दुसरे माझ्या शेजारच्या टेबलावरचे डुलकीसाहेब. आता डुलकीसाहेबांनी शेवटची फाइल कधी उघडली हे त्यांनाही सांगता येणार नाही. ते डोळे उघडतात ते जेवणाच्या सुट्टीत, तेही डबा दिसावा म्हणून. म्हणजे लायक माणूस एकच उरला!

अशात बायकोने बातमी आणली. ती शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. शाळेने यंदा नववीला 'नेतृत्व आणि व्यवस्थापन' असा नवा तास ठेवला होता आणि शिकवायला माणूस मिळत नव्हता.

"मी आहे ना!" मी म्हणालो.

"तुम्ही?" तिने हातातल्या वह्यांचा गठ्ठा खाली ठेवला. "अहो, घरातलं मांजर ऐकत नाही तुमचं!"

"मांजर नववीत नाही."

खरी गोम वेगळीच होती. मोठ्या साहेबांची, म्हणजे आमच्या मालकांची मुलगी तिच्याच वर्गात होती! आणि पालक मेळाव्याच्या दिवशी याच वर्गाने सरबताचा स्टॉल चालवून दाखवायचा होता. मोठे साहेब येणार, माझ्या तालमीत तयार झालेली लेक बघणार, गहिवरणार, आणि खुर्ची माझी! आहे की नाही डोकं?

पहिल्याच तासाला मी टेबलावर हात आपटला. "धडा पहिला! नेता स्वतः कामाला हात लावत नाही. तो काम वाटून देतो."

वर्गात आनंदीआनंद झाला. मागून एक आवाज आला, "सर, गृहपाठालापण चालेल का?"

"आधी ऐका! धडा दुसरा. कोणाला काय जमतं ते हेरायचं आणि ते काम त्याच्याच गळ्यात मारायचं. आणि तिसरा धडा तर कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. चांगलं काम करणाऱ्याला जागेवरून कधीही हलवायचं नाही! आमच्याकडे एक कारकून आहे. इतकं चोख काम, इतकं चोख काम, की मी त्याची बढती दोनदा अडवली."

"का सर?" मोठ्या साहेबांच्या लेकीने विचारलं.

"अगं, तो वर गेला तर खालचं काम कोण करणार?"

तिने गंभीरपणे मान डोलावली. पोरगी हुशार. थेट बापावर गेलेली. मी तिला तिथल्या तिथे स्टॉलची मुख्य करून टाकलं. मुलं तेव्हापासून तिला छोट्या साहेब म्हणू लागली.

पुढच्या तासाला बघतो तर वर्गाचा कारखाना झालेला! प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला. लिंबूप्रमुख, साखरप्रमुख, बर्फप्रमुख, ग्लासप्रमुख, उपग्लासप्रमुख. एका मुलाला काहीच उरलं नव्हतं म्हणून तो तक्रारप्रमुख. मला अगदी भरून आलं.

"सगळं छान आहे हो," रात्री जेवताना बायको म्हणाली, "पण यात लिंबू पिळणार कोण?"

"तो तपशील झाला. नेता तपशिलात शिरत नाही."

ती नुसती हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती अशी हसली की पुढे काहीतरी होतं हे मला कळायला हवं होतं.

मेळाव्याच्या दिवशी मी ठेवणीतला कोट घालून शाळेच्या मैदानावर पोहोचलो. स्टॉल बघून छाती फुगली. रंगीत फलक, फुगे, मागे ओळीने टेबलं, टेबलांवर पाट्या, पाट्यांमागे प्रमुख. समोर पालकांची ही लांब रांग. फक्त सरबत कुठे दिसेना. लिंबांचं पोतं तोंड बांधलेलंच होतं!

"लिंबूप्रमुख, हे काय?"

"सर, मी उपलिंबूप्रमुखांना सांगितलंय."

"मी चिरणीप्रमुखांना सांगितलंय," उपलिंबूप्रमुख म्हणाले.

चिरणीप्रमुखांनी पिळणीप्रमुखांकडे बोट दाखवलं, पिळणीप्रमुख बर्फप्रमुखांच्या बैठकीत होते, आणि बर्फ बादलीत बसून निवांत पाणी होत होता. रांगेतले पालक घामाघूम. त्यांना एक मुलगी विचारत फिरत होती, "सरबत कसं वाटलं? उत्तम, बरं, की ठीक?"

"अहो, मिळालंच नाही!" एक आजोबा कडाडले.

"म्हणजे ठीक," तिने ठरवून टाकलं.

तेवढ्यात फाटकात मोठ्या साहेबांची गाडी शिरली. माझ्या तोंडचं पाणी पळालं! मी छोट्या साहेबांकडे धावलो. "अगं बाई, कुणीतरी पिळा ना!"

"सगळं ठरलंय सर," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही बैठक घेतली. सगळ्यात छान लिंबू कोण पिळतं याची चौकशी केली. बाई म्हणाल्या, घरी सरबत सरच करतात, आणि काय करतात! मग दुसरा धडा लावला." आणि तिने माझ्या हातात चाकू दिला.

मी बायकोकडे पाहिलं. ती फुग्यांकडे पाहत होती.

काय करता! कोट काढला, बाह्या सारल्या, बायकोचा ॲप्रन बांधला आणि भिडलो. चीर, पीळ, ढवळ, ओत! चीर, पीळ, ढवळ, ओत! सगळे प्रमुख माझ्याभोवती हाताची घडी घालून उभे. "सर, वेग वाढवा," लिंबूप्रमुख म्हणाले. "बिया गाळा," उपलिंबूप्रमुख म्हणाले. इतक्यात समोर एक ओळखीचा टाय दिसला. दचकून माझी मूठ आवळली गेली आणि लिंबाची चिळकांडी सरळ मोठ्या साहेबांच्या डोळ्यात!

"आई गं!" मोठे साहेब ओरडले.

"तक्रार तिकडे, बाबा," छोट्या साहेबांनी पलीकडचं टेबल दाखवलं.

मी ग्लास पुढे केला. साहेबांनी एक डोळा मिटून घोट घेतला. मग दुसरा. मग गटागटा सगळा ग्लास. "वा!" ते म्हणाले. "अहो, असं सरबत मी जन्मात प्यालो नाही! आणखी द्या!" दुसरा ग्लास गेला, तिसरा गेला. मला उंच पाठीची खुर्ची हाक मारू लागली.

"साहेब," मी कपाळावरची साखर पुसत म्हणालो, "त्या व्यवस्थापकपदाचं..."

"हो, त्याचंच ठरवायचंय. काय गं, तुमच्या सरांना करू या का व्यवस्थापक?"

"छे छे, बाबा!" छोट्या साहेब ठामपणे म्हणाल्या. "इतकं चांगलं काम करणाऱ्याला जागेवरून हलवायचं नसतं. ते वर गेले तर पिळणार कोण? सरांनीच शिकवलंय."

मोठे साहेब विचारात पडले. "अहो, मुद्दा बिनतोड आहे तुमचा!" मग त्यांची नजर स्टॉलमागे गेली. तिथे सावलीत, छोट्या साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत डुलकीसाहेब बसले होते. पुतण्याच्या मेळाव्याला आले होते म्हणे. एवढ्या गोंधळात मान किंचित कललेली, हात पोटावर, चेहऱ्यावर अपार शांती.

"बाबा, बघा!" ती आनंदाने ओरडली. "त्यांनी सकाळपासून कश्शालाच हात लावलेला नाही!"

महिनाअखेर डुलकीसाहेब त्या खुर्चीत बसले. खुर्ची मागेही कलते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी शोधून काढलं. आता कारखान्यात कुठलाही समारंभ असला की माझ्या टेबलावर लिंबांची पिशवी येते. मोठ्या साहेबांनी पाठवली म्हणून.

मलाही मन आहे हो! मी त्या चोख कारकुनाला बोलावलं आणि सांगितलं, "बाबा रे, चुकलंच माझं. तुझ्या बढतीची शिफारस आजच करतो. माझ्या शेजारी टेबल मिळेल तुला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, लिंबांच्या पिशवीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"नको साहेब," तो म्हणाला. "मी खालीच बरा आहे."