दोन कॅमेऱ्यांचा मोतीबिंदू

"अमरावती ते अकोला पट्ट्यातले गुन्हेगार माझं नाव ऐकून बडनेऱ्यालेच गाडी बदलतात," असं नितेश स्वतःबद्दल सांगे. आजवर त्यानं एकच प्रकरण सोडवलं होतं, शेजारच्या पार्बताबाईंच्या हरवलेल्या कढईचं. ती त्याच्याच घरी सापडली.

रागिणीनं या धाकट्या दिराला साधं काम दिलं होतं. उद्या बाळाचं बारसं. फ्लॅश चमकला की बाळ दचकून असं रडे, की त्याचा श्वासच अडके, आणि मग रागिणीचाही. म्हणून पडदे ओढलेल्या खोलीत फ्लॅशशिवाय स्वच्छ फोटो काढणारा छोटा कॅमेरा आजच निवडून आणायचा होता. पारखायला नितेशनं काल ओळखीतल्या दोघांचे कॅमेरे मागून आणले, एक अकोल्याच्या अनुपचा, एक तिवस्याच्या भावनाचा. दोन्हींत बाळ ताकात पडल्यासारखं दिसलं.

"वहिनी, आतला उजेड टिपणारा सेन्सर लहान असन."

"दोघायचा?"

"मंग ही भिंतच उजेड पिऊन राहिली." त्यानं भिंतीचा वास घेतला. मग त्याला दुकानदारांच्या टोळीचा संशय आला, मग अकोल्याच्या धुळीचा, शेवटी बाळाचा. "हे मुद्दाम हलते."

"ते झोपलं आहे, भाऊजी."

"तेच तर संशयास्पद आहे."

बाळाचा श्वास चालू आहे ना, हे दर दोन मिनिटांनी पाहणाऱ्या रागिणीला आता कॅमेऱ्याचीही काळजी वाटली. तिनं भिंगावर मलमलीचं फडकं फिरवलं. फडकं काळं झालं.

"घरातलाच माणूस आहे," नितेश कुजबुजला.

"मीच आहो," सासूबाई, म्हणजे गोदाबाई, दारातून म्हणाल्या. "नवी वस्तू घरात आली, दृष्ट नको लागाले म्हणून दोघायले काजळाची तीट लावली. मी तं कडेलेच लावली होती. बंद होताना कॅमेऱ्यायनंच डोळा मिटला अन् काजळ फासून घेतलं, त्याले मी काय करू?"

नितेशनं वहीत लिहिलं: 'आरोपीने माझ्या दडपणाखाली कबुली दिली.'

भिंगं पुसून रागिणीनं पुन्हा फोटो काढले. अनुपच्या कॅमेऱ्यात बाळावर रवा सांडल्यासारखे दाणे आले. भावनाच्या कॅमेऱ्यात मात्र पापणीचा केस न् केस दिसला, आणि बाळ हललंही नाही. त्याच फोटोत मागे, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, बारशाच्या लाडवांच्या डब्यापाशी नितेश होता. दोन्ही गाल दोन लाडवांनी फुगलेले, हातात तिसरा.

"हाच घ्याचा," रागिणी म्हणाली.

नितेशनं घास गिळून तज्ज्ञाचं मत दिलं. "हा नका घेऊ, वहिनी. घरच्या माणसाईसाठी हे मॉडेल बरं नाही."