दादूमामांची गाडी

रविवार, ५ जानेवारी १९४७. आंबेमाळ स्टेशन, धर्मशाळेची ओसरी. हजर : मी, मुलींच्या शाळेची मास्तरीण (दुपारची पॅसेंजर). जिनाप्पा, गुळाचे अडते (मालगाडी, गार्डाचा डबा). रामभाऊ शिंपी (सकाळची पॅसेंजर). शंकर न्हावी (संध्याकाळची पॅसेंजर, पुढच्याच स्टेशनावरून). दादू सांधेवाला (       ).

सभांचे वृत्तांत मी बरीच वर्षं लिहिते आहे, पण कंसात गाडी लिहायची पद्धत माझी नाही. ती दादूमामांची. ते रेल्वेतून निवृत्त झालेले सांधेवाले. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, ते खटका ओढून ठरवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांच्या लेखी माणसाचं नाव-गाव नंतर, आधी त्याची गाडी. "कोन हाय म्हणून काय इचारताय? कवाच्या गाडीनं आला ते इचारा."

यात अगदीच वेडेपणा होता असं नाही. मूळ आंबेमाळ गाव ओढ्यापलीकडे, दोन मैलांवर. रूळ इकडून गेले, म्हणून स्टेशन इकडे झालं. सुरुवातीला इथे स्टेशनमास्तरची खोली, पाण्याची टाकी आणि दोन कडुनिंब एवढंच होतं. मग चहाची टपरी आली, गुळाची अडत आली, पिठाची गिरणी आली, शेवटी शाळा आली. जे आलं ते गाडीतून आलं. "बाकीची गावं वसली, बाई. आपलं उतरलं," असं दादूमामा म्हणत.

कोण काय घेऊन उतरलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. जिनाप्पांच्या तराजूचं एक पारडं गाडीतच राहिलं आणि मिरजेपर्यंत जाऊन परत आलं. रामभाऊंनी शिलाईचं मशीन खिडकीशी बाकावर बसवलं होतं आणि स्वतः पुण्यापासून उभे होते. गिरणीच्या दगडाखाली स्टेशनमास्तरची कोंबडी सापडता सापडता राहिली. आणि माझ्याबद्दल : "तुमच्या ट्रंकेला कुलूप न्हवतं, सुतळी व्हती. खाली उतरल्या उतरल्या तुमी पयल्यांदा परतीच्या गाडीचा टाइम इचारला."

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. पण खरं आहे.

या हिशेबात खरी पंचाईत झाली ती शंकरची. तो उंब्रजहून मोटारीनं आला. दुकान मांडलं, लग्न केलं, दोन मुली झाल्या, तरी दादूमामा त्याला पाहुणाच म्हणायचे. दाढी त्याच्याकडूनच करून घ्यायचे आणि वर विचारायचे, "मग, कवा निघायचं म्हंता?" शेवटी कंटाळून शंकर एका दुपारी चार मैल चालत पुढच्या स्टेशनावर गेला, तिकीट काढलं आणि हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत आला. फलाटावर दादूमामा पटका बांधून उभे. त्यांनी पेटी हातातून घेतली आणि म्हणाले, "आलास व्हय गड्या? ये. गाव चांगलं हाय."

निवृत्तीनंतरही ते प्रत्येक पॅसेंजरला फलाटावर असत. धुतलेला पटका, हातात उगीच जुना हिरवा बावटा. कोणी म्हातारा माणूस खिडकीत दिसला की जवळ जाऊन विचारत, "खडीच्या कामावर व्हता का कवा?" म्हातारे गोंधळत. वाईच्या एका सोवळ्यातल्या भटजींना विचारलं तेव्हा ते उठून दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. आम्ही हसायचो. नोकरीतलं काहीतरी डोक्यात राहिलं असेल, असं मला वाटे.

तर त्या रविवारची सभा फळ्यासाठी होती. धर्मशाळेत एक मोठा लाकडी फळा लावायचा आणि त्यावर या वस्तीत आलेल्यांची नावं, गाडी आणि सोबतचं सामान लिहायचं, असं ठरलं होतं. कल्पना दादूमामांची, अटही त्यांचीच : ज्यानं उतरताना पाहिलं असा साक्षीदार असल्याशिवाय नाव लागणार नाही. "न्हाईतर उद्या कुनीबी म्हनंल, मी पयला." बहुतेकांचे साक्षीदार तेच होते.

मी यादी वाचून दाखवली. जिनाप्पा म्हणाले, "दादू, तुजी गाडी सांग की. बाईंनी कंस मोकळा ठेवलाय."

"ऱ्हाऊ द्या."

शंकरला इतक्या वर्षांनी संधी मिळाली होती. "सांगा की मामा. का तुमीबी मोटारीनं आला?"

सगळे हसले. दादूमामा हसले नाहीत. बावट्याची काठी ओसरीवर टेकवत म्हणाले, "तवा गाडीच न्हवती. रूळ पडत व्हतं. आई खडी फोडायची म्हनं. हितंच तापानं गेली. काम पुढं सरकलं, मानसं पुढं गेली. मला निंबाखाली ठिवलं व्हतं. टाकीवाल्यानं भाकर दिली, ऱ्हायलो. हे समदं त्यानंच सांगितलं. त्योबी कवाच गेला."

"आईचं नाव?" मी सवयीनं लेखणी उचलून विचारलं.

"मी आईच म्हनत असन की, बाई. बाकीची मानसं तिला काय म्हनत व्हती, ते त्या खडीवाल्यास्नी ठावं."

फलाटावरचा तो प्रश्न आम्हां चौघांनाही एकदमच कळला असावा. शंकर खाली बघत म्हणाला, "लिवा बाई, खडीची गाडी. साक्षीदार मी."

"तुजा बाप तरी जल्मला व्हता का रं तवा?" दादूमामा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "खोटं लिवू नगा. बोर्ड हाय त्यो. उतरंल कुनीतरी. त्यातला एखादा असंल की अजून."

माझा हिशेब पक्का आहे. दादूमामांचं वय रेल्वेच्या कागदावर साठ, तेही साहेबानं उंची बघून लिहिलेलं. म्हणजे त्या कामावरचं माणूस आज ऐंशीच्या घरातलं असणार. मी तो हिशेब मोठ्यानं केला नाही.

फळा लागला, दादूमामांची ओळ सगळ्यात वर. रंगारी वाद घालत होता, वरची ओळ कोरी सोडून कुणी सुरुवात करतं का? मी त्याला म्हटलं, आमच्याकडे करतात.

दिवाळीपासून दादूमामांचे गुडघे फलाटाच्या पायऱ्या चढू देत नाहीत. ते निंबाखाली खाट टाकून बसतात. सकाळची गाडी रामभाऊ बघतात, संध्याकाळची शंकर. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक तसंच साबण लावलेलं ठेवून तो पळतो. दुपारची माझ्याकडे, शाळेच्या मधल्या सुट्टीत. म्हातारं माणूस दिसलं की मी खिडकीशी जाऊन विचारते. पहिल्या दिवशी लाज वाटली, आता वाटत नाही. गाडी हलली की निंबाकडे बघते. दादूमामा लांबूनच हात वर करतात, म्हणजे असू द्या.

माझ्या कामांच्या यादीत फळ्याच्या नावाखाली नऊ कामं होती. आठांवर काट मारली आहे. एक राहिलं आहे : वरची ओळ भरणे. आज दुपारची पॅसेंजर वीस मिनिटं उशिरा आहे, असं स्टेशनमास्तर म्हणाले. मुलींना पाढे लिहायला देऊन निघायला हवं.