हात मागे, मावशी!

दोन मुलं वाढवलेल्या बाईला मुलं कशी सांभाळायची हे शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, असं माझं स्वच्छ मत होतं. आणि माझं मत मी कधी पोटात ठेवत नाही. वर्गसहायिकेच्या प्रशिक्षणाला नाव घातलं, त्याच दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं, "बघाच तुम्ही! पहिली येते की नाही!"

"अगं, या वयात परीक्षा?" नवरोबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"परीक्षा कसली डोंबलाची? छोट्यांच्या वर्गात बाईंना मदत करायची. मदत! जी मी लग्न झाल्यापासून तुम्हाला फुकट करतेय!"

यावर वाद घालणं नवरोबांना परवडणारं नव्हतं. त्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि तो मीच शोधून देणार होते.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? थोरली नोकरीला लागली, धाकटा शिकायला बाहेर पडला आणि घर असं रिकामं झालं की स्वयंपाकघरातले डबे मी पुसलेलेच पुन्हा पुसायला लागले. मी आजवर कधी नोकरी केली नव्हती. "या, तुमची गरज आहे," असं मला आयुष्यात एकदा तरी बाहेरच्या कुणीतरी म्हणावं, एवढीच हौस होती. आणि ज्या शाळेत मला सरावाला पाठवणार होते, तिथे सहायिकेची जागा रिकामी होती! सराव संपताना प्रशिक्षणाच्या मॅडम येऊन वर्गात बसणार, मी कशी काम करते ते बघणार आणि त्यांनी मान डोलावली की ती जागा माझी. मी तर नातेवाइकांना फोनसुद्धा करून टाकले होते.

या मॅडम म्हणजे देहाने भरभक्कम आणि आवाजाने लोणी. प्रशिक्षणाला आलेल्या बाकीच्या सगळ्या माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "समजा, मी चार वर्षांची आहे." आणि बसल्या की फतकल मारून जमिनीवर! हातात एक डबा. झाकण ओढताहेत, निघत नाही. तोंड वाकडं झालं, ओठ थरथरायला लागले, "उघडत नाहीऽऽ!" असा सूर निघाला. इतकं हुबेहूब की माझं काळीज हललं. बाकीच्या मुली मख्खासारख्या बसून! मी ताडकन उठले, डबा हिसकावला आणि झाकण उघडून दिलं. "झालं! त्यात काय रडायचं एवढं?"

मॅडम क्षणात चाळिशीच्या वर आल्या. "आता सांगा, मी काय शिकले?"

"डबा... उघडायला?"

"नाही. रडलं की कुणीतरी उघडून देतं, हे शिकले."

सगळ्या पोरी खिदळल्या. मॅडम म्हणाल्या, "मदत करणाऱ्याचे हात मागे हवेत. आधी थांबायचं. मग मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं, धीर द्यायचा. हात सगळ्यांत शेवटी."

मी मान डोलावली. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. हात मागे ठेवून कुणाची मुलं मोठी झालीत का?

शाळेतला वर्ग मात्र मला पाहताक्षणी आवडला. गुडघ्याएवढी टेबलं, मांडीएवढ्या उंचीचं बेसिन, प्रत्येकाच्या खुंटीवर एकेका प्राण्याचं चित्र. वर्गाच्या बाई तरुण, शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या. मुलांनी मला "मॅडम" म्हणावं म्हणून मी दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून मला "मावशी" करून टाकलं.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला मी मनातल्या मनात गोगलगाय म्हणायचे. सगळं हळू! डबा हळू, बूट हळू, बोलणं तर त्याहून हळू. तिचं एक बटण लागेपर्यंत माझी दहा लावून झालेली असायची. आणि ती मी लावायचेच! बाई नुसत्या माझ्याकडे बघायच्या. मला वाटायचं, कौतुकाने बघताहेत.

मग आला हत्तींचा दिवस. दुसऱ्या दिवशी पालक येणार होते, म्हणून मुलांनी मातीचे हत्ती केले. बाईंना मध्येच ऑफिसात बोलावणं आलं. "तुम्ही फक्त लक्ष ठेवा हं," असं सांगून त्या गेल्या, मुलं मैदानावर पळाली आणि मी हत्तींसमोर उभी राहिले. अरे देवा! एक हत्ती बटाट्यासारखा, एक चपलेसारखा, एक तर दमून आडवाच झालेला! उद्या पालक काय म्हणतील? इथे कुणी लक्ष देत नाही का मुलांकडे?

मी बाह्या सरसावल्या. एकाला पाय दिले, एकाला कान ओढून दिले आणि सगळ्यांना एकेक झोकदार सोंड लावली. गोगलगायीचा हत्ती तसा बरा होता. पण गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, तसा त्याच्या पोटाखाली एक पाचवा पाय! मी तो अलगद काढला आणि त्याच मातीची त्याला सोंड करून लावली. हत्ती कसा उठून दिसायला लागला!

दुसऱ्या दिवशी पालक आले. फळीवर हत्ती ओळीने मांडलेले. सगळ्यांच्या सोंडा एकाच बाजूला, एकाच वळणाच्या! कवायतीला उभे केल्यासारखे.

"साच्यातून काढलेत का हो?" एका वडिलांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी ते कौतुक नव्हतं, हे मलासुद्धा कळलं.

गोगलगाय आईचं बोट धरून फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. आई म्हणाली, "दाखव ना तुझा हत्ती!"

"हा काय!" मी पुढे सरसावले. सवय जाते का? "हा बघ, खाली तुझं नाव आहे."

"हा माझा नाही."

"अगं, तुझाच! मी फक्त तो जास्तीचा पाय काढला. हत्तीला चारच पाय असतात ना, बाळा?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तो पाय नव्हता. ते हत्तिणीचं बाळ होतं. ऊन लागत होतं म्हणून खाली उभं होतं."

तिने वाकून फळीखाली पाहिलं.

"बाळ कुठाय, मावशी?"

काय सांगणार होते मी? बाळाची मी सोंड करून टाकली होती! ती समोर दिसत होती, माझ्याच हाताने वळवलेली. लोकांदेखत धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं. पोरगी रडली असती तर परवडलं असतं. रडणारं मूल मला सांभाळता येतं. ती रडली नाही. आईचं बोट धरून निघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बूट घालायला माझ्यापासून लांब, पार दाराजवळ बसायला लागली.

"तुम्ही वाईट मनाने नाही केलंत, मावशी," बाई संध्याकाळी म्हणाल्या. "पण..."

तो पण घेऊन मी घरी आले आणि रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी उठले ती नवी बाई होऊन! आता हात मागे म्हणजे मागे!

"अगं, माझा मोजा कुठाय?" नवरोबांनी हाक दिली.

मी हात पाठीमागे बांधले. "तुम्हाला काय वाटतं, कुठे असेल?"

"मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?"

"किती छान विचार केलात!"

नवरोबांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्या दिवशी ते एक काळा आणि एक तपकिरी मोजा घालून ऑफिसला गेले. दूध उतू गेलं तेव्हाही मी हात मागे ठेवून म्हटलं, "तुम्ही जवळ आहात. जमेल तुम्हाला!" शेगडी पुसताना नवरोबांनी बरंच काही म्हटलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

शाळेत मात्र कमाल झाली. मी थांबले की मुलं खरंच करायची! उलटं, वाकडं, उशिरा, पण करायची. मला आधी कुणी सांगितलं का नाही, असं म्हणणार होते, पण सांगितलं होतं.

शेवटी तपासणीचा दिवस उजाडला. मॅडम आल्या. मी मोठी खुर्ची आणायला निघाले, तर म्हणाल्या, "नको, नको. मी मुलांच्या उंचीवरच बसते." आणि कोपऱ्यातल्या हात असलेल्या चिमुकल्या खुर्चीत त्या बसल्या. खुर्ची करकरली. मी दुर्लक्ष केलं.

बाई मुलांना घेऊन मैदानावर गेल्या. मागे राहिली गोगलगाय. तिचे बूट व्हायचे होते. मी जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले, हात मागे. तिने बूट उलट्या पायात घातला. मी गप्प. काढला. पुन्हा उलटाच घातला. माझे हात पाठीमागे एकमेकांना चिमटे काढत होते! शेवटी बूट सरळ गेला, पट्टा ओढला गेला, बक्कल टक् करून लागलं.

"तूच घातलास," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण उठून लांबही गेली नाही. माझा जीव भांड्यात पडला. तिकडे मॅडम समाधानाने मान डोलवत होत्या. मला तर मनातल्या मनात पगाराचा पहिला दिवस दिसायला लागला!

मॅडम उठल्या. खुर्चीही उठली.

त्या बसल्या. पुन्हा उठल्या. पुन्हा खुर्ची बरोबर! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड वाकडं झालेलं, ओठ थरथरत होते. "जरा... इकडे येता का? मी अडकलेय."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा तर तोच डबा! फक्त झाकण वेगळं! वा, मॅडम, वा! मी एकदा फसले, आता फसते होय?

मी हात मागे बांधले, त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि गोड आवाजात म्हटलं, "तुम्ही प्रयत्न करताय, ते दिसतंय मला!"

"अहो, ओढा जरा!"

"काय केलं तर सुटेल, असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही ओढलंत तर!"

"आणखी काही सुचतंय?"

मॅडम लालबुंद झाल्या. "अहो बाई, मी खरंच अडकलेय!"

"राग आलाय ना? येऊ दे. राग आला तरी चालतो. मी इथेच आहे."

त्यांचा आवाज ऐकून मुलं मैदानावरून धावत आली. आमच्या वर्गात कुणाला काही जमत नसलं की सगळ्यांनी धीर द्यायचा, असं ठरलेलं. मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला, "जमेल! जमेल! जमेल!" मॅडम खुर्चीसकट गोल फिरल्या. मी म्हटलं, "शाब्बास! अर्ध्या उठलात!"

माझी ओढणी मागून कुणीतरी ओढली. गोगलगाय होती. हळूच म्हणाली, "मावशी, तिला खरंच येत नाहीये."

"तुला कसं कळलं?"

"डोळे बघ ना."

मी बघितलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी! डोळ्यांच्या उंचीवर बसून मी इतका वेळ बडबडत होते आणि डोळ्यांत बघितलंच नव्हतं.

मग काय विचारता! गोगलगायीने खुर्ची धरली, मी मॅडमचे दोन्ही हात धरले आणि जीव खाऊन ओढलं. मॅडम सुटल्या त्या थेट माझ्या अंगावर आणि मी पाठीमागच्या मातीच्या घमेल्यात! नेमक्या त्याच वेळी बाई दारात आल्या. त्यांनी या वेळीही आवाज चढवला नाही. नुसता दार धरून आधार घेतला.

मॅडमनी पदर सारखा केला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही सगळंच करत होतात. आता काहीच करत नाही. दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, ती शोधा. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा बसा."

"आणि इथली नोकरी?"

"तोवर जागा रिकामी राहिली तर तुमचीच."

सगळ्या नातेवाइकांना पुन्हा फोन करावे लागणार होते. मी कोपऱ्यात बसून कपड्यांवरची माती खरवडत होते. लाजेने मान वर होत नव्हती. तेवढ्यात गोगलगाय आली. घमेल्यातून सांडलेल्या मातीचं काहीतरी करून तिने माझ्यापुढे धरलं.

"ही तू."

एक जाडी बाई होती. पायाशी एक छोटा गोळा. माझं बोट पुढे गेलं, पण मी ते आवरलं. "हे काय आहे गं?" मी विचारलं.

"बाळ. सापडलं. आता तू त्याला ऊन लागू देऊ नको."

मी बाळावर ओंजळीची सावली धरली. मग विचारलं, "आणि माझे हात कुठायत?"

तिने मातीची बाई वळवून दाखवली. पाठीमागे दोन बारीक हात होते.

"आणि तोंडावर हे... सोंड?"

"तुला आवडते ना!" ती म्हणाली.

मी ती बाई रुमालात गुंडाळून, जपत घरी आणली. काय काय झालं ते सगळं नवरोबांना सांगितलं. ते हसतील म्हणून मी तयारीतच होते, पण हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, रुमाल उघडला आणि ती लांब, झोकदार सोंड बराच वेळ न्याहाळली.

"अगदी तूच!" ते म्हणाले आणि स्वतःचा मोजा शोधायला आत गेले.