धाप लागण्याची पात्रता

सातारा परिसरातल्या नव्या चारमजली इमारतीला नळ आले होते. पाणी यायचे होते. दुष्काळाचे दुसरे वर्ष. टँकर खालच्या पिंपांत रिता होई आणि लिफ्टमध्ये सांडलवंड नको म्हणून हंडे जिन्यानेच चढत. ज्या घरी फुप्फुसाचा आजार असेल, त्याचे पाणी इतरांनी पाळीने पोचवावे, असे ठरले. ठरताच निम्म्या इमारतीला धाप लागली.

सचिव केशवराव धारूरकर न्यायप्रिय होते. त्यांनी ठराव केला: धाप ही तोंडची गोष्ट, रक्त खोटे बोलत नाही. फुप्फुसाच्या नव्या रक्तचाचणीत ज्याचा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर जाईल, तोच आजारी.

त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंची बोटे संधिवाताने वाकली होती आणि हल्ली दुसऱ्याच मजल्यावर श्वास अडे. त्यांचा आकडा रेषेच्या किंचित खाली आला.

"काका, ही चाचणी नुसता इशारा देते," डॉक्टर हिमानी म्हणाल्या. "संधिवात काकूंच्या फुप्फुसात उतरलाय, असं वाटतं. छातीत करकर ऐकू येतेय. स्कॅन करा."

"स्कॅन ठरावात नाही. सचिवाच्याच बायकोला आडवाटेनं सवलत दिली, तर लोक काय म्हणतील?"

"आजार ठराव वाचून येत नाही, काका."

"म्हणूनच त्याला शिस्त नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवराजने, तालमीतून येता येता, हौसेने चाचणीला रक्त दिले. आकडा रेषेच्या वर! त्याला काहीही झालेले नाही, असे हिमानी म्हणाल्या. पण ठरावाने त्यांना विचारले नव्हते. शिवराजच्या पाण्याची पाळी धारूरकरांवर आली. केशवराव पिंपापाशी रांग लावीत, म्हणून हंडा भानुमतीबाईंनी उचलला.

दुसऱ्या मजल्यावर त्या मटकन बसल्या. जिना तुंबला.

"काकू, दमानं घ्या," वरून शिवराज कळवळला. "म्या आलो असतो, पण मला उचलायची मनाई हाय नं!"

"रोजचंच झालंय हे," मागे हंडा घेऊन अडकलेल्या सरूबाई करवादल्या. "रिपोर्ट चांगला अन् धापा कशाला टाकायच्या?"

मुद्दा रास्त होता. केशवरावांनी तिथेच सभा घेतली: अहवालाविना जिन्यात धापा टाकू नयेत. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावा.

हात वर झाले. भानुमतीबाईंना बोलवत नव्हते. कोणीतरी उठवावे म्हणून त्यांनीही आपला वाकडा हात वर केला. केशवरावांनी तो नि:पक्षपातीपणे मोजला आणि ठराव एकमताने संमत झाला.

हात कशासाठी होता, हे विचारायला कोणी थांबले नाही. आपणही थांबू नका. खाली टँकर निघायच्या बेतात आहे. काकूंच्या कडेने जागा आहे.