दोनशे बारा टेस्ट आणि मोनिकाचा सत्कार

मॅपिंगच्या बाबतीत अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्याइतका सावध माणूस नाही! मॅपिंग म्हणजे डेटाबेसच्या टेबलातला कुठला रकाना कोडमध्ये कुठल्या नावाने येणार, ते जुळवून देणं. सोनईच्या जनावरांच्या प्रदर्शनाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, तेव्हा एकट्या मॅपिंगसाठी मी दोनशे बारा टेस्ट लिहिल्या. नुसत्या शिंगांच्या लांबीलाच नऊ!

आमच्या टीम लीड ज्योतीताईंनी विचारलं, "या टेस्ट करतात काय?"

"मी डेटाबेसमध्ये एक गाय टाकतो, परत बाहेर काढतो. तीच गाय निघाली की पास!"

"आणि टेबलात जुन्या प्रोग्रॅमने भरलेल्या गाई? त्या वाचून बघितल्यास?"

"ताई, दोनशे बाराच्या दोनशे बारा हिरव्या, म्हणजे पास! अजून किती तपासायचं?"

"बरं. पण सोनईत गोंधळ झाला तर तुझं कोडिंग बंद. फोनवर तक्रारी घ्यायला बसायचं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

प्रदर्शनात माईक राधाकृष्ण मास्तरांकडे होता. समोर असेल ते जसंच्या तसं वाचायचं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं व्रत. स्क्रीनकडे बघून ते कडाडले, "गाई गटात पहिला नंबर, छबूबाई! वय साडेपाच, तिसरं वेत, दूध बावीस लिटर, स्वभाव शांत!"

पहिल्या रांगेतल्या छबूबाई ताडकन उठल्या. स्वभावाची नोंद तिथेच खोटी ठरली.

"आवं मास्तर, गाय मोनिका हाय! छबूबाई मी!"

"कॉम्प्युटरात हाय ते वाचतोय, बाई. मालकीण मोनिका, सत्काराला स्टेजवर या!"

कुणी येईना. मास्तरांनी तीनदा पुकारलं. शेवटी कमिटीनेच चौकशी करून मोनिकाला शोधलं आणि फळी लावून स्टेजवर चढवलं. शाल पांघरली, हार घातला. हार तिने खाल्ला.

"मालकीणबाईंनी दोन शब्द बोलावेत," मास्तर म्हणाले.

आणि ती बोलली! टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषण आटोपशीर होतं, हे सगळ्यांनाच आवडलं.

छबूबाईंच्या हातात विजेत्या गाईचं बक्षीस आलं: घुंगरांचा पट्टा आणि पेंडीची गोणी. पट्टा गरगर फिरवत त्या स्टेजशेजारी कॉम्प्युटरपाशी बसलेल्या माझ्याकडे निघाल्या.

"कुनी क्येलं रं हे?"

"मावशी, गाय आणि मालक हे दोन रकाने माझ्याकडून उलटे जोडले गेले. पण टेस्टमध्ये मीच टाकायचो, मीच काढायचो, म्हणून कळलंच नाही..."

"म्हंजी हळदीच्या डब्यात तिखट भरायचं, तिथनंच काढायचं, आन् म्हनायचं घावलं बघा तिखट! आरं, पन डबा दुसऱ्यानं भरला आसंल तर?"

मागे ज्योतीताई उभ्या होत्या. त्यांनी वही काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं.

सोमवारपासून छबूबाई आमच्या ऑफिसात टेस्टर आहेत. त्या जुन्या टेबलातली एकेक गाय समोर ठेवतात आणि माझ्या कोडला वाचायला लावतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आणखी अकरा उलटे रकाने पकडले!

माझी खुर्ची आता खिडकीपाशी आहे. निवांत जागा आहे, फक्त फोन सारखा वाजतो.

"नमस्कार, तक्रार सांगा... काय म्हणता, तुमचा बैल गाभण आहे? ...हो. हो. त्याला मीच जबाबदार आहे."