दिवाणखान्यातला खांब

एका जंगलात एक गोठा होता. जंगलात गोठा कसा, असे विचारू नका मुलांनो; त्याच जंगलात एक आर्किटेक्टही होता.

गोठ्यात भुरी म्हैस राहायची. कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, सारवलेली जमीन आणि मधोमध सागाचा खांब. मान घासून घासून भुरीने तो गुळगुळीत केला होता. ती गाभण होती. पहिले रेडकू याच खांबाशी झाले, दुसरेही इथेच व्हावे, एवढीच तिची इच्छा.

एके दिवशी अस्वलराव आणि अस्वलबाई आले. बरोबर आर्किटेक्ट, म्हणजे सुतारपक्षी. पूर्वी तो झाडांना भोके पाडायचा. आता त्यांना खिडक्या म्हणत.

"बघा साहेब, वारा कसा खेळतोय. पंखा नको, काही नको. अस्संच पर्यावरणस्नेही घर बांधू."

"खांबाला काय चकाकी आहे हो," अस्वलबाई म्हणाल्या. "पॉलिश कुठलं?"

"मानेचं," भुरी म्हणाली.

"जुनं लाकूड वापरलं की एक झाड वाचतं, भुरीताई," सुतारपक्षी म्हणाला. "तुम्हाला पत्र्याची पक्की शेड देतो."

"आणि मी व्यायचं कुठं?"

"शेडमध्ये. सगळं जंगल तुमचं नाव काढेल."

जंगलाचे भले निघाले की गरिबाला नाही म्हणता येत नाही. गोठा उतरवला.

त्याच जागी नवे घर हुबेहूब गोठा झाले. दिवाणखान्यात तोच खांब, त्यावर दिव्याचा झोत. वास्तुशांतीला सगळे जंगल लोटले.

इकडे पत्रा तापला, म्हणून भुरी दिवसभर डबक्यात बसली. संध्याकाळी पाय आपोआप घराकडे वळले. म्हशीला पत्ता कळत नाही, दावण कळते. पाहुण्यांमधून वाट काढत ती आत शिरली, खांबाला मान घासली आणि तिथेच व्याली.

पाहुणे मागे सरकले. सुतारपक्षी मात्र मुरलेला.

"एवढंच बाकी होतं," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

ओल्या बाळंतिणीला हलवायचे कसे? भुरी राहिली. शेण आले, गोमाश्या आल्या.

"अहो, वास येतोय," अस्वलबाई कुरकुरल्या.

"वास नव्हे बाई, वातावरण," सुतारपक्षी म्हणाला आणि आपल्या घरी गेला.

आठवड्याच्या आत अस्वल कुटुंब पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. तिथे त्यांनी एसी बसवला.

त्या वर्षी जंगलातल्या उत्तम घराचा पुरस्कार दिवाणखान्याला मिळाला. विजेचा वापर शून्य. पुरस्काराचा हार भुरीच्या गळ्यात घातला. तो तिने सावकाश खाल्ला.

तात्पर्य : मुलांनो, निसर्गाच्या जवळ अवश्य जावे. फक्त निसर्ग घरी आला, तर आपली राहायची सोय आधीच दुसरीकडे करून ठेवावी.